कॅमेरा न नेलेला उन्हाळा

आधीच माफी मागतो. मला लिहिता येत नाही. म्हणजे अक्षर बरं आहे, जर्नल वेळेवर पूर्ण होतं, सबमिशनच्या आठवड्यात चार मित्र माझीच फाइल उतरवून घेतात. पण ते लिहिणं वेगळं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. वडील सही करतात तेव्हा जीभ दातांत धरतात. आईला तेवढंही येत नाही. अशा घरातल्या मुलानं आठवणी लिहायला बसावं हे मलाच थोडं जास्त वाटतं. आठवणी ज्यांच्या आयुष्यात काही घडलं आहे अशा माणसांनी लिहायच्या. माझ्या आयुष्यात एवढंच झालं की एका उन्हाळ्यात सहलीला जाताना मी एक वस्तू बरोबर नेली नाही. एवढ्याशा गोष्टीवर कुणी इतकी पानं लिहितं का, मला माहीत नाही. मी लिहितो आहे. लांबलं तर मधेच सोडून द्या, मला राग येणार नाही.

सध्या परीक्षेचे दिवस आहेत. विष्णुपुरीला आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवरून धरणाचं पाणी दिसतं. एप्रिल लागला की ते रोज थोडं थोडं मागं सरकतं आणि काठाला वाळलेल्या गाळाची पट्टी उरते. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. खोलीत पंखा गरम हवा फिरवत असतो आणि पुस्तकाच्या पानावर मनगटाचा ओला डाग पडतो. परवा चहासाठी रस्त्यावर उतरलो तर समोरून एक लक्झरी बस गेली. पुढच्या काचेवर कुठल्यातरी क्लासचा कापडी बोर्ड, आत मुलांचा गोंधळ, आणि खिडक्यांतून बाहेर आलेल्या हातांत मोबाइल. आता मोबाइलमध्येच फोटो निघतो. एक मुलगा तर पळत्या रस्त्याचाच फोटो काढत होता, ज्यात काहीच नव्हतं. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी मी ग्लास हातात धरून उभा होतो. चहावाला म्हणाला, "काय करून राहिलास रे, चहा थंड झाला."

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी लातूरला होतो. तेव्हा आमच्या सगळ्या भागात एकच वारं होतं. मुलगा जरा हुशार निघाला की लातूर. अर्धापूरजवळच्या आमच्या गावातून माझ्या आधी कुणी गेलं नव्हतं. वडील मला केळीच्या ट्रकमधून सोडायला आले. ड्रायव्हरच्या शेजारी आम्ही दोघं, मांडीवर गादीची वळकटी, मागं हिरवे घड. लातूरला उतरल्यावर दिवसभर खोली शोधली. तिथले घरमालक खोली दाखवायच्या आधी दहावीचे मार्क विचारायचे. हुशार मुलाला खोली दिली की पुढच्या वर्षी त्याच्या नावावर दुसरी मुलं येतात, असा तो हिशोब होता. वडील प्रत्येक दारात माझी मार्कशीट पिशवीतून काढून दोन्ही हातांनी धरायचे. गंजगोलाईच्या मागच्या बोळात, एका फोटो स्टुडिओसमोर आम्ही थकून बसलो, तेव्हा आतून मालक बाहेर आले. त्यांनी मार्क विचारले नाहीत. म्हणाले, "वर खोली आहे. पाणी खालून न्यावं लागेल. चालतंय का?"

ते मुनीरचाचा. सगळा बोळ त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणायला लागलो. स्टुडिओत काळा पडदा, एक गोल स्टूल, आणि मागच्या भिंतीवर रंगवलेला धबधबा. मी पहिल्यांदा तो बघून म्हणालो होतो, आमच्याकडं इस्लापूरला असाच धबधबा आहे. चाचा म्हणाले, "मग बरं झालं. घरची आठवण आली तर इथं येऊन बसत जा."

आणि त्यांचा तो कॅमेरा. काळा, सगळा धातूचा. कातडी पेटी इतकी जाड की तिच्यावर माणूस उभा राहिला असता. त्याला बाजूनं दांडा लावून वाटीएवढा फ्लॅश, आणि फ्लॅशची बॅटरी वेगळ्या पिशवीत, दुसऱ्या खांद्यावर. सगळं मिळून पाच किलो ज्वारीच्या पिशवीएवढं भरायचं. चाचा लग्नाला निघाले की एका अंगाला किंचित वाकून चालायचे, आणि कॅमेरा ठेवल्यावरही तसेच चालायचे.

खोलीत माझ्याबरोबर गोविंद होता. औसा तालुक्यातला. त्याचं गाव भूकंपात गेलं होतं. म्हणजे गाव आहे, पण ते नवं, सरकारनं दुसरीकडं बांधून दिलेलं. गोविंद तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला ताप आला म्हणून आई त्याला घेऊन माहेरी गेली होती. त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीला, चंदाला, गावातला गणपती बुडवताना बघायचा होता, म्हणून ती वडिलांजवळ राहिली. गोविंदनं हे मला एकदाच सांगितलं. फिजिक्सचा पेपर तपासून आल्यावर, उत्तरपत्रिका घडी करता करता. पुन्हा मी विचारलं नाही, त्यानं काढलं नाही.

तो हसत नसे असं नाही, पण हसू आलं की तोंडावर हात ठेवायचा. जणू कुणाचं तरी चोरलं आहे. आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत आम्ही कुणीच फार हसत नव्हतो. पहाटे पाचला पहिली बॅच. दर रविवारी टेस्ट. सोमवारी भिंतीवर यादी. यादीसमोर गर्दी असायची आणि त्या गर्दीत आवाज नसायचा.

बारावीच्या वर्षी वेळा अमावस्येला गोविंद मला त्याच्या गावी घेऊन गेला. लातूरकडं त्या दिवशी शहर ओस पडतं, सगळे शेतावर असतात. त्याची आई वाट बघत होती. उंच, सडपातळ बाई, बोलताना सतत हसणाऱ्या. मी त्यांना मावशी म्हणालो. शेतात उभ्या ज्वारीच्या ताटांमध्ये घोंगडी टाकून आम्ही बसलो आणि त्यांनी भज्जी, बाजरीचे उंडे वाढले, मडक्यातली अंबिल पेल्यात ओतली.

"नांदेडकडचा का रं बाबा तू? तुमच्याकडं आसती का ही येळवस?"

"नसते मावशी. आमच्याकडं पोळा मोठा."

"मग खा पोटभर. पुन्ना वरीसभर मिळायची न्हाई."

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. एकसारखी घरं, सरळ रांगेत. घराला नंबर होता, गल्लीला नाव नव्हतं. आत भिंतीवर एकच फोटो, गोविंदच्या वडिलांचा, हार घातलेला. चेहरा मोठा होता पण पुसट, धुक्यातून कुणी बघावं तसा. मी बघतो आहे हे मावशींच्या लक्षात आलं.

"त्यो तुमच्या मालकानंच करून दिलाय. मुनीरभाईनं. ह्याच्या बाच्या चुलतभावाच्या लग्नातला फोटो घिऊन मी लातूरला गेलते. सगळ्यात मागच्या वळीत हुबे होते. एवढंसं डोकं, डाळीच्या दान्याएवढं. त्येवढंच काडून मोटं केलं."

चाचांकडून मी हे ऐकलं होतं. भूकंपानंतर कित्येक महिने त्यांच्याकडं माणसं असे लग्नाचे फोटो घेऊन यायची. ढिगाऱ्याखालून काढलेले, ओले होऊन वाळलेले, पाहुण्यांकडून मागून आणलेले. खेड्यात एकट्याचा फोटो कुणी काढत नसे. जो काही असायचा तो लग्नातला, चाळीस माणसांतला. चाचा फोटो उजेडात धरायचे आणि एका डोक्यावर बोट ठेवायचे, हा का. समोरचा माणूस म्हणायचा, नाही, त्याच्या शेजारचा.

मावशी भिंतीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "खरं सांगू का, इतकं मोटं केल्यापासनं मला बी नीट वळकू येत न्हाईत. पर आसू दे. हार घालायला कायतरी पायजे." आणि हसल्या.

"आई, झालं का तुझं," गोविंद म्हणाला.

"न्हाई झालं. तू गप." मग माझ्याकडं वळल्या. "माज्यासाटी एक करशील का बाबा? ह्याचा फोटो पायजे मला. हसतानाचा."

"फॉर्मला काढलाय की," गोविंद म्हणाला.

"त्यो बगितलाय. पोलिसानं धरून आनल्यावानी दिसतूस. त्यो भितीला लावला तर लोक म्हनतील, ह्यो बी गेला का काय. ह्या गावात भितीवर गेलेलीच मानसं हायती. हसतानाचा आसला की कुनी इचारनार न्हाई. घरात आलं की कळंल, हितं जित्तं मानूस ऱ्हातंय."

मी म्हणालो, बघतो मावशी.

"आन् मुनीरभाईच्या त्या मोट्या कॅमेऱ्यानंच काड. बारक्यात मानूस बारकाच येतंय, मग पुन्ना मोटं कराया बसावं लागतंय."

"म्हणजे मी काय दात काढून बसू का याच्यासमोर?" गोविंद म्हणाला.

"बसू नगंस. तू हसशील तवा त्यो काडंल. सांगू बी नगंस त्याला, बाबा. चोरून काड."

मी हो म्हणालो. कुणी माझ्याकडं काही काम सोपवावं अशी ती पहिलीच वेळ नसेल, पण मला तसं वाटलं होतं खरं. लातूरला आल्यावर चाचांना सांगितलं. ते म्हणाले, एवढंच ना. दोनदा त्यांनी गोविंदला स्टुलावर बसवलं आणि काहीबाही विनोद केले. गोविंदचा चेहरा धबधब्यासमोर आणखी घट्ट होत गेला. चाचा म्हणाले, "राहू दे. दुकानात हसू येत नाही कुणाला."

मे महिन्यात शेवटची परीक्षा झाली आणि क्लासनं सहल काढली. दरवर्षी काढायचे. निकाल लागायच्या आधी, म्हणजे सगळे अजून सारखे असताना. दोन दिवस, हैदराबादजवळच्या एका मोठ्या पार्कात. पाळणे, घसरगुंड्या आणि पाणीच पाणी. दोन वर्षं आम्ही त्या सहलीवर जगत होतो म्हटलं तरी चालेल. टँकरच्या रांगेत घागर पुढं सरकवताना पोरं म्हणायची, मे महिन्यात बघू पाणी.

चाचांनी स्वतःच विषय काढला. "कॅमेरा घेऊन जा. तिथं हसेल तो." त्यांनी मला सगळं शिकवलं. डावा हात कुठं, उजवा कुठं, उजेड पाठीशी घ्यायचा. पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून एका प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून भिंगाभोवती रबर लावून दिलं. "या रिळात सहा फोटो शिल्लक आहेत. सहा खूप झाले. एकात जरी हसला तरी काम झालं."

आदल्या दिवशी संध्याकाळी सहलीच्या सूचना द्यायला सरांनी सगळ्यांना क्लासमध्ये बोलावलं होतं. परवानगी विचारावी म्हणून मी कॅमेरा खांद्याला लावून गेलो. एका खांद्यावर पेटी, दुसऱ्यावर बॅटरी. दारातून आत शिरलो आणि माझ्याही नकळत चाचांसारखा वाकून चालत होतो.

"आरे आरे, सरका," अभिजित म्हणाला. तो लातूरच्याच डॉक्टरांचा मुलगा. "फोटोवाले आले. नवरा-नवरी कुठं बसवायची?"

"बँडवाले मागच्या बसनं येऊन राहिले का रे?" दुसरा कुणी.

"जेवण मात्र शेवटच्या पंगतीला हं, फोटोवाल्यांचं."

सगळे हसले, मीही हसलो. वाईट मुलं नव्हती ती. आणि सर तर खूशच झाले. म्हणाले, "वा, हे उत्तम केलंस. आता आपल्याला हक्काचा फोटोग्राफर मिळाला. तू काठावर थांबायचं आणि सगळ्यांचे काढायचे. सामानाकडंही लक्ष राहील."

काठावर थांबायचं. सर चांगल्या मनानं म्हणाले होते. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर हे दोन शब्द माझ्या छातीवर बसले होते. लग्नात फोटोवाला सगळ्यांच्या समोर असतो आणि कुठल्याच फोटोत नसतो. मला ते माहीत होतं. दोन वर्षं मी चाचांच्या वर राहिलो होतो, पोरं मला फोटोवाल्याकडचा म्हणूनच ओळखत. एक दिवस, एकच दिवस, मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं. मला पाण्यात उतरायचं होतं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हाचं खरं कारण हेच होतं. ओझं, पाणी, चोरी, काही झालं तर चाचांना काय सांगू, ही सगळी कारणं मी एकेक करून जमवली आणि ती खोटीही नव्हती. पण ती मी नंतर जमवली.

सकाळी सहाला बस होती. चाचा नमाजाला गेले होते. जिन्याखालच्या टेबलावर त्यांनी पेटी तयार ठेवली होती, वर ती भोक पाडलेली पिशवी नीट घडी करून. मी तिच्याजवळ थांबलो. कातड्यावर हात ठेवला. मग दार ओढून घेतलं.

कोपऱ्यावर गोविंद माझी पिशवी धरून उभा होता. "कॅमेरा?"

"जड आहे रे. अभिजित आणतोय त्याचा बारका."

"बरं केलंस," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. "आईचं काय, तिला काहीही सुचतं."

पार्कच्या दारात दगडी हत्ती होता. तिथं अभिजितच्या छोट्या कॅमेऱ्यानं सगळ्यांचा एक फोटो निघाला, क्लासचा कापडी बोर्ड पुढं धरून. गोविंद उंच म्हणून मागच्या रांगेत गेला आणि नेमका बोर्डाच्या काठीमागं आला. मग कॅमेरे, घड्याळं, चपला सगळं कुलपाच्या कपाटात ठेवलं. भाड्याच्या नायलॉनच्या चड्ड्या घातल्या. त्या कुणालाच मापाच्या नव्हत्या. आणि आम्ही पाण्यात गेलो.

मला ते पाणी अजून अंगावर जाणवतं. निळ्या फरशीमुळं निळं झालेलं, औषधाच्या वासाचं. एका बादलीत दोघं अंघोळ करणारी पोरं आम्ही. कुणी तोंडात पाणी धरून एकमेकांवर फवारत होतं, कुणी नुसतंच पडून होतं, कान पाण्यात बुडवून.

"एवढं पाणी आणतात कुठून रे हे?" गोविंद म्हणाला.

"टँकरनं."

"मग रांग कुठंय?"

दुपारी आम्ही लाटांच्या तळ्यात होतो. तिथं ठरावीक वेळानं भोंगा होतो आणि यंत्रानं लाटा सोडतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी आणि गोविंद छातीएवढ्या पाण्यात शेजारी उभे होतो. भोंगा झाला. आणि मग पायांखालची फरशी थरथरायला लागली. बारीक, खालून येणारी घरघर. गोविंदनं माझा दंड पकडला. इतका जोरात की चार दिवस बोटांचे वळ होते. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, कुठंच बघत नव्हता. मीही हललो नाही. मग पहिली लाट आली, आमच्या डोक्यावरून गेली आणि आम्ही दोघं खोकत वर आलो. समोर आमच्या क्लासची चाळीस पोरं बाटल्यांसारखी वरखाली होत होती, आणि सर सगळ्यांत पुढं, टक्कल चमकवत. गोविंदनं ते बघितलं. दंड सोडला. आणि तो हसायला लागला. दोन्ही हात पाण्याखाली तोल सांभाळत होते, तोंडावर ठेवायला हात मोकळा नव्हता. तो हसत राहिला, लाट आली तरी, नाकात पाणी गेलं तरी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वरच्या ओळीतला एक दात जरा पुढं आहे त्याचा. मला दोन वर्षांत ते माहीत नव्हतं.

मी त्याच्यापासून एका हाताच्या अंतरावर होतो.

मी अनेकदा विचार करतो. कॅमेरा नेला असता तर मी काठावर असतो, उजेड पाठीशी घेऊन. तो फोटो मला मिळाला असता. पण मग गोविंदच्या हाताला दंड कुणाचा सापडला असता? असं म्हणून मी स्वतःला समजावतो आणि क्षणभर बरंही वाटतं. पण त्याच्या आईनं मला शेजारी उभं राहायला सांगितलं नव्हतं. फोटो काढायला सांगितलं होतं.

परत आलो तेव्हा कॅमेरा टेबलावर तसाच होता. चाचांनी हलवला नव्हता.

"विसरला का?"

"नाही चाचा. जड होता."

"हां," ते म्हणाले. "जड तर आहे." आणि त्यांनी तो उचलून कपाटात ठेवला.

जूनमध्ये निकाल लागला. मला इकडं इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, गोविंदला मार्क कमी पडले. खोली सोडायच्या आधी मी त्याच्या गावी गेलो, क्लासनं सगळ्यांना दिलेला तो हत्तीजवळचा फोटो घेऊन. म्हटलं, निदान एवढं तरी. मावशींनी हात पदराला पुसले आणि फोटो दारातल्या उजेडात नेला. बराच वेळ बघितला. मग एका डोक्यावर बोट ठेवलं.

"ह्यो का?"

"नाही मावशी. त्याच्या शेजारचा. काठीमागं."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "लई पोरं हायती." फोटो त्यांनी पिठाच्या डब्यावर उभा करून ठेवला. मी मान खाली घालून बसलो होतो, तर माझ्या पाठीवर थाप मारली. "तोंड का पाडलंस? पुडल्या बारीला काड. त्यो कुटं चाललाय."

चहा केला. मी निघालो तर वेशीपर्यंत सोडायला आल्या. एसटी सुटली तेव्हा हात हलवत होत्या, हसत.

पुढची बारी आली नाही. गोविंद काही दिवस औशाला कॉलेजात गेला, मग पुण्याकडं एका कंपनीत लागला. सुरुवातीला हॉस्टेलच्या फोनवर त्याचे फोन यायचे. मग त्याचा नंबर बदलला, किंवा आमचा. मी दर सुटीत ठरवायचो की लातूरला उतरायचं, चाचांकडून कॅमेरा घ्यायचा आणि गोविंद गावी येईल तेव्हा जायचं. एकदा तर पत्रही लिहिलं, पण त्याच्या पुण्याच्या खोलीचा पत्ता नव्हता आणि घराच्या पत्त्यावर लिहावं तर मावशींना वाचून कोण दाखवणार, म्हणून ते माझ्याजवळच राहिलं. चार वर्षं अशीच गेली. सबमिशन, ओरल, केटी, सुटीत केळीला पाणी. एवढ्याशा कामाला चार वर्षं.

मागच्या महिन्यात बारावीच्या एका दाखल्यासाठी लातूरला जावं लागलं. काम झाल्यावर चाचांकडं गेलो. स्टुडिओत आता कॉम्प्युटर आहे, त्यांचा पुतण्या बघतो. धबधब्यावर पांढरा पडदा सोडला आहे. चाचा बाहेरच्या बाकावर बसले होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग चहा मागवला.

"तुझा दोस्त आला होता," ते म्हणाले. "गोविंद. आठ महिने झाले असतील."

"एकटाच?"

"एकटाच. डोक्यावर केस नव्हते."

मला कळलं. तरी मी विचारलं, "कोण गेलं?"

"अम्मी." चाचांनी कप खाली ठेवला. "कावीळ झाली होती. त्याला कळवलं तेव्हा उशीर झाला होता."

बोळातून एक हातगाडी गेली. चाचांनी पाय आत घेतले.

"आईचा फोटो नव्हता त्याच्याकडं. एक पण नाही. मतदानाचं कार्ड घेऊन आला होता. चेहरा पुसून गेलेला, बोट लावलं तर कागद निघायला लागला. मला बोलला, चाचा, तुमच्या जुन्या निगेटिव्ह बघा, भूकंपानंतर आई आली होती तुमच्याकडं. मी बोललो, बेटा, आली होती, मला याद आहे. पण ती फोटो घेऊन आली होती. तिचा कुठं काढला मी?"

मी मावशींच्या घरी दोनदा गेलो होतो.

"मग मी विचारलं, तू आईसारखा दिसतो का? बोलला, लोक म्हणतात. म्हटलं, चल, बस स्टुलावर. भूकंपाच्या वर्षी अशी पण कामं केली मी. ज्यांचा कुठल्या लग्नात पण फोटो नव्हता, त्यांची. बहिणीला बसवायचं आणि गेलेली बहीण काढायची. लेकाला बसवायचं आणि बाप. सोलापूरला एक आर्टिस्ट आहे, तो वरून केस, पदर करून देतो. गोविंद बोलला, कपाळ मोकळं ठेवा."

"बसला तो?"

"बसला. मी विचारलं, कशी होती अम्मी? बोलला, हसून बोलायची. मग हस म्हटलं. तीनदा काढला, तीनदा नाही जमलं. मी म्हटलं, राहू दे, जसा आहे तसा चालेल. तर नाही बोलला. थांबा चाचा, बोलला." चाचा समोरच्या भिंतीकडं बघत होते. "चौथ्या वेळी हसला. चांगला हसला, दात दिसले. फोटो निघाला तरी तसाच बसून होता. बाहेर गिऱ्हाईक आलं होतं. मी पडद्याबाहेर येऊन त्यांना सांगितलं, थोडं थांबा."